परसातील चढाईची भिंत : आधी जमीन, मग भिंत

आपल्या भागात मुलांना चढायला कोणी शिकवत नसे. फणस, आंबा, जांभूळ हीच त्यांची शाळा आणि मोठा भाऊ हाच मास्तर. आता फणस उतरवायला दुसऱ्या गावचा माणूस पैसे देऊन बोलवावा लागतो, आणि काजूची नवी कलमे इतकी ठेंगणी की जमिनीवर उभे राहून बोंडे काढावीत. शेतीच्या दृष्टीने ही कलमे चांगलीच आहेत. पण चढण्याची सवय मोडली, ती मोडलीच.

मागच्या वर्षी एका रविवारी मिस्सानंतर एक आई मला म्हणाली, “फादर, झाडावर चढला तर पडेल म्हणून मी ओरडते. घरात बसला तर मोबाईल घेऊन बसतो. मग त्यानं करायचं तरी काय?” प्रश्न खरा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज निदान एक तास दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी हाडे व स्नायू बळकट करणारे श्रम हवेत. धावण्याने पायांना काम मिळते. खांदे, पाठ, मनगट आणि बोटे यांना मात्र चढण्यासारखे काम क्वचितच दुसऱ्या खेळात मिळते.

त्यातून चर्चच्या परसात चढाईची भिंत उभारण्याची कल्पना निघाली. लाकडी चौकटीवर प्लायवूडच्या फळ्या ठोकायच्या आणि त्यांवर हातापायांना धरायला लाकडाच्या ‘पकडी’ बसवायच्या, एवढीच ही गोष्ट. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात १९६४ साली डॉन रॉबिन्सन या शिक्षकांनी इमारतीतल्या बोळाच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवून अशी एक भिंत केली. हिवाळ्यात पोरांना कड्यावर जाता येत नसे, म्हणून ही सोय. आज हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला आहे. २०२० चे टोकियो ऑलिंपिक २०२१ साली झाले, तेव्हा तो प्रथम आला. वेगाच्या शर्यतीतील १५ मीटरची भिंत उत्तम खेळाडू पाच सेकंदांच्या आत चढून जातात. आपल्याला त्यांची बरोबरी करायची नाही. आपली भिंत आठ फुटांची आणि दोरावाचून चढायची.

चर्चच्या आवारात हे माकडचाळे कशाला, असे एकदोन वडीलधारी माणसे म्हणाली. त्यांना मी एवढेच सांगितले की पोप अकरावे पायस हे धर्मगुरू असताना चांगले गिर्यारोहक होते. १८८९ साली ते आल्प्समधील मोंते रोझा चढले होते, आणि पुढे १९२३ साली त्यांनीच मेंथोनचे संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले. त्यावर वाद थांबला. भिंत उभारायला माणसे मात्र तरुणच आली.

आता आमची चूक सांगतो, कारण या लेखाचे कारण तीच आहे.

आम्ही भिंत चांगली केली. सुतार कसबी होता, लाकूड पक्के होते, बोल्ट नवे होते. तीन मोठी माणसे एकदम लोंबकळली तरी चौकट हलली नाही. आम्ही खूश झालो आणि मुलांना मोकळे सोडले. खाली काय होते? परसातला जुना मुरूम, वर्षानुवर्षे तुडवून फरशीसारखा झालेला. तिसऱ्या दिवशी नऊ वर्षांचा एक मुलगा घसरला. त्याचे पाय जमिनीपासून साडेतीन फुटांवर होते, त्याहून जास्त नाही. हात मागे टेकून पडला आणि कोपराच्या वर हाड मोडले.

पुढचे अधिक वाईट. वडिलांनी त्याला एका हाडे बसवणाऱ्याकडे नेले. त्याने तेल चोळले, बांबूच्या कामट्या लावल्या आणि करकचून बांधले. संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा पोर विव्हळत होते. वडील म्हणाले, “हाड बसतंय फादर, दुखणारच.” मी त्याची बोटे धरून पाहिली. ती गार पडली होती, फिकट दिसत होती. बोट जरा सरळ केले की किंचाळत होता. आम्ही तिथेच कामट्या सोडल्या आणि गाडीत घालून शहरातील रुग्णालयात नेले. रात्रीच शस्त्रक्रिया झाली. हात वाचला. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर हाताचे स्नायू मेले असते आणि बोटे कायमची आकडून राहिली असती.

भिंतीचा दोष नव्हता. दोष जमिनीचा होता, म्हणजे माझा. त्यानंतर भिंत दोन महिने बंद ठेवली, खालची जागा नव्याने केली आणि मगच पुन्हा उघडली. म्हणून ज्यांना आपल्या परसात अशी भिंत करायची आहे त्यांना मी उलट्या क्रमाने सांगतो. पैसे आणि श्रम आधी जमिनीत घाला. उरले तर भिंत करा.

पडण्याची जागा

युरोपमध्ये मुलांच्या क्रीडांगणांसाठी जे मानक आहे त्यात साधा नियम आहे. दोन मीटरपर्यंतच्या उंचीवरून पडणे संभवत असेल तर खाली २० सेंटिमीटर सुटी वाळू, बारीक गोल खडी किंवा लाकडाच्या चिपा हव्यात. तीन मीटरपर्यंत ३० सेंटिमीटर. शिवाय पायांनी वाळू इकडेतिकडे सरकते म्हणून आणखी १० सेंटिमीटर. तीन मीटरच्या वर मुलांनी असे मोकळे चढूच नये. आपल्या भिंतीवर मुलाचे पाय सहा फुटांच्या वर जाणार नाहीत. तेव्हा २० आणि १० मिळून ३० सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक फूट वाळू लागते.

किती जागेवर? पडणारा मुलगा सरळ खाली पडत नाही, मागे आणि बाजूला फेकला जातो. सहा फुटांवरून पडणाऱ्यासाठी भिंतीच्या पुढे आणि दोन्ही बाजूंना निदान सहा फूट मोकळी मऊ जागा पाहिजे. आम्ही पुढे आठ फूट ठेवली. भिंत आठ फूट रुंद, दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट, म्हणजे वीस फूट लांब व आठ फूट रुंद खड्डा. त्यात एक फूट वाळू म्हणजे १६० घनफूट, १.६ ब्रास. वजन सात टनांच्या आसपास. एवढी वाळू ऐकून पुष्कळांचा उत्साह मावळतो. मावळला तर मावळू द्यावा. ज्याला वाळू परवडत नाही त्याने भिंत करू नये, इतके मी आता स्पष्ट सांगतो.

वाळू धुतलेली, गोल कणांची, मातीविरहित हवी. मूठभर घेऊन ओली करा आणि दाबा. हात उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर तीत माती फार आहे, ती पुढे घट्ट बसेल. क्रशरची वाळू बांधकामाला चालते, पण तिची भुकटी पाण्याने सिमेंटसारखी बसते आणि कण टोकदार असतात. नदीची वाळू घ्यायची तर परवान्याची आणि पावतीसह घ्या. सॉ मिलमधील लाकडाच्या जाड चिपा मिळाल्या तर त्याही चालतात. मात्र बारीक भुसा नको, तो कुजतो आणि नाकातोंडात जातो.

शेतकऱ्याच्या घरी पेंढा फुकट असतो, तोच पसरला तर काय, असे अनेकांनी विचारले. पेंढा दोन दिवसांत दबतो, पावसात कुजतो, आणि त्यात उंदीर येतात. उंदरांमागे कोण येते हे आपल्याला सांगायला नको. भाताच्या तुसाचेही तेच. कापसाच्या जुन्या गाद्या वरून मऊ दिसतात, पण आतला कापूस गोळा झालेला असतो आणि टाच थेट जमिनीला लागते. गवताळ जमीनसुद्धा उन्हाळ्यात दगड होते.

आपल्याकडे मुरमाखाली पाणी लवकर मुरत नाही. नुसता खड्डा काढून वाळू भरली तर पावसाळ्यात त्याची डबकी होते. म्हणून दीड फूट खणा, तळाला एका बाजूस उतार द्या, त्या बाजूने चर काढा, तळात अर्धा फूट दगडी खडी घाला, तिच्यावर जुन्या शेडनेटची दुहेरी घडी अंथरा आणि मग एक फूट वाळू. शेडनेटमुळे वाळू खडीत उतरत नाही. खड्ड्याच्या कडेला चिरे लावायचे असतील तर ते जमिनीच्या पातळीत बसवा, वर आलेली कड ठेवू नका.

आणि रोज खेळाआधी दंताळे फिरवा. हे एक काम टाळले की सगळी मेहनत वाया. वाळू पावसाने आणि पायांनी बसत जाते, नेमकी भिंतीच्या पायाशी, जिथे जास्त पडायचे असते तिथे. रात्री ताडपत्रीने झाका, नाहीतर मांजरे तिथेच विधी उरकतात आणि त्यातून जंत मुलांच्या हातातोंडात जातात. सकाळी ताडपत्री काढताना काठीने उचलावी, हाताने नव्हे. घोणस ओलाव्याला ताडपत्रीखाली बसलेली आम्ही एकदा पाहिली आहे.

भिंत

पहिला इशारा. घराच्या किंवा परसाच्या जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर छिद्रे पाडून पकडी बसवू नका. मातीत रचलेली जुनी भिंत आणि सुटा गडगा वरून ओझे सहन करतात, बाहेर ओढलेले सहन करत नाहीत. चढणारा माणूस भिंतीला बाहेरच ओढत असतो. चिरा पोराच्या अंगावर येईल. चौकट स्वतंत्र उभी करावी.

आमचे माप असे. आठ बाय चारच्या दोन फळ्या उभ्या, शेजारी शेजारी. प्लायवूड १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीचे, मरीन जातीचे; त्यावर आय.एस. ७१० असा शिक्का असतो. आय.एस. ३०३ चा शिक्का असलेले साधे प्लायवूड स्वस्त पडते, पण त्यातील कमी प्रतीचे एका पावसाळ्यात पापुद्रे सोडते. फळ्यांच्या मागे चार बाय दोन इंचांचे उभे वासे दर १६ इंचांवर, असे एकूण सात. मधला वासा बरोबर दोन फळ्यांच्या सांध्यावर येतो. वर आणि खाली आडवे वासे. ही चौकट तीन खांबांना बोल्टने आवळायची. फळीची खालची कड वाळूपासून अर्धा फूट वर ठेवा, म्हणजे ओल चढत नाही.

खांबांना ऐन, किंजळ किंवा चांगला साग घ्यावा. आंब्याचे आणि माडाचे लाकूड यासाठी नको, वाळवी आणि ओल त्यांना लवकर धरते. लाकूड मातीत गाडले की नेमके जमिनीच्या रेषेवर कुजते, वरून धडधाकट दिसते. त्यामुळे काँक्रीटमध्ये लोखंडी पट्ट्या बसवून त्यांना खांब बोल्ट करणे चांगले. वेल्डिंगवाला ओळखीचा असेल तर तीन इंची जी.आय. पाईपचे खांब करून घ्या, त्याची चिंता राहत नाही. पाया वाळूच्या खड्ड्याच्या तळापासून तीन फूट खोल, आणि प्रत्येक खांबाला मागून तिरपा टेकू, त्याचा पाय खांबापासून चार फूट मागे.

एवढे जड काम मुलांसाठी कशाला, असे वाटेल. ते मुलांसाठी नसून वाऱ्यासाठी आहे. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर दर चौरस मीटरला साधारण ४७ किलोचा दाब पडतो. आपली भिंत जवळजवळ सहा चौरस मीटरची. म्हणजे तिच्यावर २८० किलोचा रेटा, शिडावर यावा तसा. तीन मुले मिळून १०० किलोही भरत नाहीत. वळवाच्या वादळात पत्रे कसे उडतात ते आपण दरवर्षी पाहतो.

भिंत ओळंब्यात सरळ उभी ठेवा. काही जण मुलांना सोपे जावे म्हणून ती शिडीसारखी मागे कलती करतात. चढायला ती सोपी, पण घसरलेले मूल फळीवरून खाली घासत येते आणि हनुवटी, दात, गुडघे प्रत्येक पकडीवर आपटतात. उलट किंचित पुढे झुकलेल्या भिंतीवरून मूल सुटले तर सरळ वाळूत पडते. पाच अंशांचा झोक द्यायचा असेल तर आठ फुटांच्या फळीची वरची कड ओळंब्यापेक्षा २१ सेंटिमीटर पुढे आली पाहिजे. वरच्या बाजूला खांब आणि चौकट यांमध्ये तेवढे जाड लाकडी ठोकळे घातले की झाले. मोठ्या मुलांना हे आवडते. लहानांना सरळच बरी.

वरच्या एका फुटात पकड लावू नका. वरच्या कडेवर तिरकी फळी ठोका, म्हणजे तिच्यावर बसता येणार नाही. वर पोचलेले पोर तिथे घोड्यावर बसल्यासारखे बसते आणि खालच्यांना हात हलवून दाखवते. आमच्याकडेही तेच होत होते.

रंग दोन्ही बाजूंना, आणि कापलेल्या कडांना तीन हात. छिद्रांच्या आतसुद्धा ब्रश फिरवा. वाळवीसाठी खांबांना जळके ऑइल लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. गोठ्याच्या मेढींना लावा हवे तर, इथे नको. त्यात कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये असतात आणि मुले तेच हात तोंडात घालतात. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांचेही तसेच, ते क्रिओसोटमध्ये बुडवलेले असतात.

पकडी

बाजारात रंगीत रेझिनच्या पकडी मिळतात. त्या चांगल्या असतात आणि महाग असतात. आम्ही सुताराकडील फणस, बाभूळ आणि सागाचे उरलेले तुकडे वापरले. मुठीएवढा तुकडा, वरच्या बाजूने बोटे आत जातील असा दीड इंच खोल खाचा, आणि सगळ्या कडा कानशीने गोल केलेल्या. नंतर जाड आणि बारीक पॉलिश पेपर. कुसळ एकही राहता कामा नये. पकडीला रंग किंवा व्हार्निश लावू नका, घामाच्या हाताला ती निसटते.

बसवण्यासाठी १० मिलिमीटरचा बोल्ट आणि फळीच्या मागून ठोकलेला दातेरी कॉलरचा नट. हार्डवेअरच्या दुकानात त्याला टी-नट म्हणतात. तो न मिळाल्यास मागून साधा नट आणि मोठा वॉशर लावा, मात्र मग भिंतीच्या मागे हात पोचायला जागा ठेवावी लागते. एकाच बोल्टवरची पकड भार आला की फिरते, म्हणून प्रत्येकीला शेजारी एक स्क्रूही मारा. खिळ्यांनी ठोकलेली पकड कधीही नको. दगड गोंदाने चिकटवणे, सिमेंटचे गोळे ओतणे हेही आम्ही ऐकले आहे. ते निखळतात, तेही खाली कोणी उभे असताना.

चाळीस ते पन्नास पकडी पुरतात. लहान मुलांसाठी त्या आठ-दहा इंचांवर, मोठ्यांसाठी फूट-सव्वा फुटावर. सुरुवातीला सगळ्या मोठ्या आणि सोप्या ठेवा, नंतर जागा बदला. खडूने बाणाच्या खुणा करून नवी वाट आखली की तीच भिंत पुन्हा नवी होते.

खरे सांगायचे तर उंचीपेक्षा रुंदी जास्त उपयोगी पडते. मुलाचे पाय वाळूपासून दोन फुटांवर ठेवून डावीकडून उजवीकडे आणि परत आडवे जाणे हा सर्वांत चांगला व्यायाम आहे आणि त्यात पडणे म्हणजे उतरण्यासारखेच. आज पुन्हा करायची वेळ आली तर मी सोळा फूट रुंद आणि सहा फूट उंच भिंत करीन. आमच्या धर्मग्रामातील एक सहावीतील मुलगी न थांबता सात वेळा आडवी जाते. तिच्याहून दुप्पट दंडाची मुले तिसऱ्या वेळी गळतात. ती पायांवर चढते, मुले हातांवर ओढतात.

खेळताना

एका वेळी एकच मूल, फार तर दोन, आणि चढणाऱ्याच्या खाली कोणीही नाही. जवळ मोठे माणूस हवेच. त्याने मूल झेलायचे नसते. मागे उभे राहून हात कमरेच्या वर, पाठीशी धरायचे आणि पडणाऱ्याला पायांवर उतरेल असे वळवायचे. मुलांना आधी पडायला शिकवा. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आणि मग पाठीवर लोळण घेत, हात छातीशी. मागे हात टेकला की मनगट नाहीतर कोपर जाते. पहिले दोन दिवस आम्ही आता फक्त पडण्याचाच खेळ घेतो, आणि मुलांना तो चढण्याइतकाच आवडतो.

कमरेला कासरा बांधून वरून धरण्याचा शहाणपणा कोणी करू नये. दोराने चढायचे तर त्याचे पट्टे, कड्या आणि धरणारा शिकलेला माणूस वेगळा लागतो. बैलाचा दोर कमरेत आवळून बरगड्या मोडतात.

अंगठ्या, बांगड्या, कडी काढून ठेवा. अंगठी पकडीत अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. गळ्यातील साखळी, क्रूस, स्कॅप्युलरसुद्धा काढून खिशात ठेवावेत. ते अडकून गळा आवळला जाऊ शकतो. ओढणी, टोपीच्या नाड्या, सायकलचे हेल्मेट यांचेही तेच. हात घामेजतात म्हणून काही मुलांनी भिंतीचा चुना चोळला होता. चुन्याने कातडी भाजते. फडक्याने हात पुसले की पुरे.

तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. या वयात बोटांच्या हाडांची वाढ चालू असते आणि वाढीचा भाग कच्चा असतो. बोटांच्या टोकांवर लटकण्याची, वजन बांधून लटकण्याची चढाओढ त्यांना करू देऊ नका. मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याच्या मागच्या बाजूला दुखत असेल तर चढणे बंद करावे आणि डॉक्टरांना दाखवावे. दुखणे अंगावर काढले तर बोट वाकडे राहू शकते.

हाड मोडले तर

पाच ते सात वर्षांच्या सुमारास मुले हातावर पडली की कोपराच्या लगेच वरचे हाड मोडणे फार होते. त्या जागेवरून हाताला रक्त नेणारी शीर आणि नसा जातात. म्हणून हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ठेवा. ओढू नका, चोळू नका, तेल लावू नका. वर्तमानपत्राची जाड घडी किंवा पुठ्ठा खाली घालून फडक्याने सैल बांधा आणि गळ्यात झोळी करून हात अडकवा. बांगडी, कडे, घड्याळ लगेच काढा, नंतर सूज आल्यावर निघत नाही. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून वाटेत खायला घालू नका.

मग दर पंधरा मिनिटांनी बोटे पाहा. ती ऊबदार आहेत का, रंग नेहमीचा आहे का, मुलाला स्पर्श कळतो का, ती हलतात का? नख दाबून सोडा; दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. बोटे गार, फिकट किंवा निळी पडली, मुंग्या आल्या, बोट सरळ करताना असह्य दुखले, तर वर जे काही बांधले असेल ते ताबडतोब सोडा आणि रुग्णालय गाठा. रक्त न मिळालेले स्नायू सुमारे सहा तासांत मरू लागतात. पडल्यावर मान किंवा पाठ दुखत असेल तर मुलाला हलवू नका, १०८ ला फोन करा. डोक्यावर पडलेले मूल उलट्या करू लागले, पेंगू लागले किंवा भलतेच बोलू लागले तर तेही तसेच न्यावे.

हाडे बसवणाऱ्या सर्वांनाच मी नावे ठेवत नाही. साध्या मुरगळण्याला आपल्या वाडवडिलांनी त्यांच्याकडून आराम मिळवला आहे. पण मोडलेल्या हाडाचा फोटो काढल्याशिवाय त्यावर कामट्या करकचून बांधणे हे धोक्याचे आहे आणि ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या मुलाच्या वडिलांनीही हे लिहायला परवानगी दिली.

खिळा किंवा कुसळ खोल लागले तर जखम धुवा आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करा. १० व्या आणि १६ व्या वर्षी ही लस सरकारी केंद्रात मोफत असते, अनेकांची ती राहून गेलेली असते.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिंत बंद ठेवलेली बरी. ओली पकड निसटते आणि ओली वाळू दगडासारखी होते. सप्टेंबर सरला की एक दिवस काढून प्रत्येक बोल्ट पान्ह्याने तपासा, फळीच्या कडा नखाने दाबून पाहा, खांबाच्या बुडाशी पहारीचे टोक टोचून लाकूड मऊ लागते का ते बघा, वाळू पूर्ण उकरून उन्हात पालथी घाला. कमी झाली असेल तर भर घाला. त्यानंतर तीन मोठी माणसे लोंबकळून पाहोत, मग मुले.

आमच्या परसातील भिंत मिस्सानंतर रविवारी उघडी असते. ज्यांना करायची आहे त्यांनी येऊन पाहावी, आणि येताना मोजपट्टी आणावी. भिंतीचे माप तर घ्याच, पण आधी वाळूत काठी खुपसून तिची खोली मोजा.